इथपर्यंतच्या पुढची बारा घरं

साल दोन हजार तेवीस. कार्तिक संपत आला होता, भात झोडून झालं होतं, पेंढा अजून अंगणातच होता. तेव्हा मी काल्हेरच्या गिटार क्लासमध्ये नाव घातलं. वय अडुसष्ट.

लूमखाली रुई साचते तसे किस्से साचतात. रोज दिसत नाहीत. एक दिवस वाकून पाहिलं की ढीग निघतो. आता वाकलोच आहे, तर सांगून टाकतो. मी बोलका माणूस नाही. लांबण लावणार नाही.

आधी माझं सांगतो. गाव दिघाशी. शाळा चौथीपर्यंत. अडतीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमचा जॉबर होतो. लूम बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. चोवीस लूम एका शेडमध्ये खडखडत असताना कुठल्या लूमचा नट सैल आहे, ते मी दारातून सांगायचो. त्या खडखडाटानं डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला. आणि त्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून मी जन्मभर ओरडून बोललो. शेडमध्येही आणि घरीही.

माझा मुलगा संदीप बारावीत होता तेव्हाची गोष्ट. फिजिक्सच्या क्लासला जातो म्हणून सांगायचा आणि कुणा मित्राकडे गिटार शिकायचा. एक दिवस शेडच्या दारात कोणीतरी म्हणालं, "जॉबर, तुमचा पोरगा कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर बसलाय."

शिफ्ट सोडून गेलो. अंगावर रुई तशीच. तो वाजवत होता. मी स्टेजवर चढलो, गिटारच्या तारांवर तळहात ठेवला आणि म्हणालो, "घरी चल!" माझ्यापुढे माइक नव्हता. तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

तो उठला. मित्राची गिटार खुर्चीवर ठेवली आणि माझ्या मागून आला. त्यानंतर त्यानं गिटार हातात घेतली नाही. मीही विषय काढला नाही. आता अंजूरफाट्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बायकोला घेऊन राहतो तिथंच. रविवारी गावाला येतो. आईशी बोलतो. माझ्याशी कामापुरतं.

त्या कार्तिकात घरातली जुनी पेटी रिकामी करताना एक पान निघालं. पाच-पाच रेघा, त्यावर काळे ठिपके. पान अर्धं झालं तिथं पेन्सिलनं उभी रेघ मारलेली आणि वर संदीपच्या अक्षरात एकच शब्द. 'इथपर्यंत'.

तेवढं मला वाचता येतं. त्या रेघेच्या पुढं मी मोजलं. बारा घरं राहिली होती. उभ्या दोन रेघांमधल्या जागेला खरं तर बार म्हणतात, ते मला मागाहून कळलं. मी घरच म्हणतो.

त्या दिवशी स्टेजवर तो त्या रेघेपर्यंत पोचला होता; पुढची ती बारा घरं माझ्यामुळे राहिली. ती मी त्याला द्यायची, असं ठरवलं. तोंडानं सांगणं मला जमत नाही. हातानं काम जमतं.

*

क्लास फिलोमिना मॅडमचा. वसईकडच्या, पन्नाशीच्या, मराठी आपल्यासारखीच. मी पान पुढं ठेवलं.

"काका, याआधी काही वाजवलंय?"

"नाही."

"मग आपण सोप्यापासून सुरू करू."

"हे पाहिजे," मी म्हणालो. "रेघेपासून पुढचं."

"आणि रेघेच्या आधीचं?"

"ते झालेलं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. "अहो काका, कुठलीही चाल कोणी मधूनच शिकायला घेत नाही."

"मी चोवीसातला एक लूम दुरुस्त करायचो तेव्हा बाकीचे तेवीस चालू असायचे," मी म्हणालो. "मधूनच शिरायची सवय आहे मला."

मॅडम हसल्या. मी हसण्यासारखं बोललो नव्हतो.

*

बॅचमध्ये आम्ही तिघं. मी, मंगेश आणि सलीमभाई.

मंगेश शेजारच्या पूर्णा गावातल्या गोदामात सुपरवायझर. तिशीचा. स्वतःच्या लग्नात बायकोसाठी वाजवायचं म्हणून क्लासला आला होता. लग्न झालं, मुलगी झाली, ती आता बालवाडीत जाते. हा अजून शिकतोच आहे!

सलीमभाईचं क्लासच्या खालीच टेलरिंगचं दुकान. पूर्वी माझ्या हाताखाली लूमवर कारीगर होता. मध्यंतरी त्याला हलका लकवा मारून गेला. बोटं चालती ठेवा म्हणून डॉक्टरनं सांगितलं, तर हा जिना चढून वर आला.

पहिल्या दिवशी मला बघून तो दारातच थांबला.

"जॉबर साब? आप? गिटार?"

"का? बंदी आहे?"

"बंदी तो आपने लगाई थी!" तो मॅडमकडे वळला. "मॅडम, मैं लूम पे गुनगुनाता था ना, ये उधर से चिल्लाते थे, सलीम, मुंह बंद! लूम की आवाज सुनने दे! ग्यारह साल मुंह बंद रखा मैंने. और अब खुद गाना सीखने आये हैं!"

मंगेश खो खो हसला. सलीमभाईही हसला. मला आठवत होतं. तो चांगला गुणगुणायचा. त्याच्या लूमवर धागा कमी तुटायचा, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. बोललो नव्हतो.

*

आता चिन्हांचं. गिटारच्या पानावर नुसते सूर नसतात. कसं वाजवायचं त्याची अक्षरं आणि खुणा वर-खाली पेरलेल्या असतात. त्यांनीच आम्हाला छळलं.

मला इंग्रजी येत नाही, पण पी ओळखतो. कापडात इंचाला किती धागे आडवे बसले त्याला पिक म्हणतात. रजिस्टरवर पी दिसला की पिक. पानावरही पी दिसले. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पी म्हणजे अंगठा. मी ते पक्कं धरलं. महिनाभर, जिथं पी दिसेल तिथं अंगठा हाणला.

एक दिवस मॅडमनी कानावर हात ठेवले. "काका, हळू! बाळ झोपलंय असं समजा!"

"कुणाचं?"

मंगेश फुटला. मॅडमनी पान पुढं ओढलं. "हे बघा. सुराच्या शेजारी बारीक पी असेल तर अंगठा. ओळीच्या खाली जाड, तिरका पी असेल तर हळू वाजवायचं."

"एकच अक्षर आणि दोन ड्युट्या?" मी म्हणालो. "आमच्याकडे त्यानं संप केला असता!"

"आमच्या गोदामात पी म्हणजे पार्किंग," मंगेश म्हणाला.

"आणि हे दोन पी शेजारी शेजारी?"

"आणखी हळू."

मी वाजवलं. मॅडम म्हणाल्या, आणखी. मी आणखी हळू वाजवलं. त्या म्हणाल्या, आणखी.

"मॅडम," मी म्हणालो, "आता मला काहीच ऐकू येत नाही."

"मग बरोबर आहे. तुम्हाला ऐकू यायला लागलं की समजा चुकलात."

हे वाक्य मला बरेच दिवस पुरलं.

*

यावरून घरचा किस्सा.

मॅडम म्हणाल्या होत्या, हळू वाजवायची सवय हाताला नाही, कारण ती गळ्यालाच नाही. घरी थोडं हळू बोलून बघा. मी विचार केला, बघू. सकाळी बायको चुलीपाशी होती. तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "चहा झाला का गं?" साध्या आवाजात. जाड तिरका पी.

तिनं भांडं खाली ठेवलं. "काय झालं तुमाला?"

"काही नाही," मी म्हणालो. तसंच, हळू.

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मग छातीला. मग मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर जाऊन संदीपला फोन लावला. मला अर्धाच कान, पण ती माझ्याबरोबर राहून राहून माझ्याच आवाजात बोलते. सगळं ऐकू आलं. "तुझा बा हळू बोलतंय! लवकर ये! न्हाय रं, पडला न्हाय, हळू बोलतंय!"

अर्ध्या तासात संदीप मोटारसायकलवर हजर. हातात रिवाइंडिंगची तांब्याची तार तशीच. दुकान उघडं टाकून आला होता. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझं मनगट धरलं.

त्यानं माझा हात शेवटचा कधी धरला होता ते मला आठवेना. गिटार कपाटामागे होती, चार पावलांवर. बारापैकी दोन घरं तेव्हा नीट येत होती. सांगता आलं असतं.

"काही झालेलं नाही मला!" मी ओरडलो. "दुकान सोडून कशाला आलास?"

त्यानं मनगट सोडलं. आईकडे बघून म्हणाला, "बरा हाय," आणि मोटारसायकलला किक मारली.

*

मंगेशचा किस्सा लहान आहे. त्याच्या एका गाण्याच्या शेवटी इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. त्यानं वाचलं, गिटार खाली ठेवली आणि पाणी प्यायला.

"का थांबलास?" मॅडम.

"संपलं ना. इथं लिहिलंय. डीसी ऑल फाइन."

"म्हणजे काय समजलास तू?"

"डिलिव्हरी चलन, ऑल फाइन! माल पोचला, तक्रार नाही!"

मॅडमनी गिटार बाजूला ठेवून हसून घेतलं. मग सांगितलं, ती इटलीची भाषा. डीसी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. आणि ते फाइन नाही, फिने. म्हणजे शेवट. पहिल्यापासून वाजवत ये आणि हा शब्द आधी जिथं लिहिलाय तिथं थांब.

"म्हणजे सगळा ट्रक खाली करून परत भरायचा?" मंगेश म्हणाला. "मॅडम, लोडर पळून जातील!"

मी माझ्या पानाच्या शेवटी पाहिलं. तिथं डीसी नव्हतं. मॅडमना विचारलं, की हे आपल्या हातानं लिहिता येतं का. त्या म्हणाल्या, नाही काका, ज्यानं चाल बांधली त्यानंच लिहायचं असतं.

*

सलीमभाईला मात्र एक खूण शिकवावी लागली नाही. ओळीखाली दोन लांब रेघा, एका टोकाला जुळलेल्या, दुसऱ्या टोकाला फाकलेल्या. मॅडम समजवायला लागल्या तर हा म्हणतो, "ये तो डार्ट है."

"काय?"

"डार्ट, मॅडम. ब्लाउज में, कमर के पास डालते हैं. जिधर नोक है उधर कुछ नहीं, जिधर मुंह खुला है उधर कपडा ज्यादा. इधर से थोडी आवाज, उधर पूरी आवाज. यही ना?"

अगदी तेच होतं. जुळलेल्या टोकाला आवाज बारीक, फाकत जाईल तसा मोठा.

"आणि उलटी असली तर?" मंगेशनं विचारलं.

"तो बाई बारीक हुई!" सलीमभाई म्हणाला.

*

माझी एकच फुशारकी आहे, ती सांगतो.

मॅडमकडे लाकडी मनोऱ्यासारखं एक यंत्र. पुढं काटा, तो डावी-उजवीकडे डुलतो, टक-टक. त्याच्या चालीवर वाजवायचं. त्यांच्या वडिलांचं होतं. पानाच्या माथ्यावर एक आकडा असतो, तो काट्यावर लावायचा. मिनिटाला तेवढे ठोके.

मी त्याच्याबरोबर वाजवायला बसलो की गडबड व्हायची. मॅडम म्हणायच्या, काका, तुमचा ठोका चुकतोय. मला ते पटेना. मिनिटाला दीडशे वेळा धोटा फेकणारा लूम मी टाइमवर बसवलेला आहे. कान गेल्यावर तळहात लावून बसवला. मी उठलो आणि त्या यंत्राच्या अंगाला तळहात लावला.

"हे लंगडतंय," मी म्हणालो.

"काका! वीस वर्षं मी यावरच शिकवते."

"एक टक लवकर येतो, दुसरा टक उशिरा. टेबल सरळ नाही."

मंगेशच्या बॅगेत गोदामातल्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्याची घडी टेबलाच्या एका पायाखाली सारली. परत तळहात लावला. घडी अर्धी काढली. परत लावला. मग काटा सोडला. टक. टक. टक. टक. समसमान.

मॅडम बराच वेळ ऐकत राहिल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्षांची सगळी पोरं मी लंगडी करून सोडली!"

त्या दिवशी मान ताठ करून रिक्षात बसलो. अंजूरफाट्यावर संदीपचं दुकान दिसलं. एकटाच होता, मोटारीवर वाकलेला. त्याला हा किस्सा आवडला असता. त्यालाही यंत्रं कळतात. रिक्षावाल्यानं विचारलं, "रोकू क्या, चाचा?"

"कशाला?" मी म्हणालो.

*

रीतीचा किस्सा.

माझ्या सातव्या घरावर तीन अक्षरं होती. मला वाचता येईना. मंगेशला विचारलं. त्यानं पान जवळ धरलं.

"काका, इथं रीत लिहिलंय."

"कसली रीत?"

"ते नाही लिहिलेलं. नुसतं रीत."

मी दोन दिवस विचार केला. इटलीच्या माणसानं मराठीत रीत कशाला लिहावी? तिसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "रिट. वेग हळूहळू कमी करत जायचा. एकदम ब्रेक नाही मारायचा. उतारावर सायकल कशी सोडतो आणि पुढं घर दिसलं की नुसती टेकवत आणतो, तसं."

"अपनी उमर की रीत है, जॉबर साब," सलीमभाई म्हणाला. "बस, किसी ने लिख के नहीं दिया."

मला ते जमेना. मी एकतर चालू असतो किंवा बंद. मधलं काही माझ्याकडे नाही. मॅडमनी चार महिने घालवले त्या एका घरावर.

"घरी कोणी हळूहळू गप्प होतं का हो तुमच्याकडे?" एकदा वैतागून त्यांनी विचारलं. "त्यांच्याकडे बघून शिका!"

मी म्हणालो, "होतं. तेव्हा बघायला पाहिजे होतं."

मॅडमनी पान परत माझ्यापुढं सरकवलं. पुढच्या वारी ते घर आलं.

*

सगळ्यात मोठी चूक आता.

पाचव्या घरात एक सूर होता, बाकीच्यांच्या निम्म्या आकाराचा. मुंगीएवढा. त्याच्या दांडीवर तिरकी काट मारलेली. भिवंडीत कापड तपासतात त्या फोल्डिंग खात्यात, रजिस्टरमधली नोंद रद्द झाली की मुकादम अशीच तिरकी काट मारतो. शिवाय त्या सुराभोवती पेन्सिलनं गोल केलेला होता. कापडात डाग सापडला की त्याभोवती खडूनं गोल करतात. काट आणि गोल, दोन्ही! मी तो सूर सोडून दिला. तीन महिने सोडून वाजवत होतो.

मॅडमचं लक्ष एक दिवस गेलं. "काका, हा छोटा सूर कुठं गेला?"

"तो रद्द आहे."

"रद्द?"

"काट मारलीय की. डाग होता, गोल पण केलाय."

सलीमभाईनं डोक्याला हात लावला. कापडाची भाषा त्याला कळत होती, म्हणून तोच जास्त हसला. "मॅडम, जॉबर साब ने माल रिजेक्ट कर दिया!"

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी पान उजेडात धरलं. "काका, ही काट म्हणजे रद्द नाही. हा दागिना आहे. मोठ्या सुराच्या आधी चटकन, जाता जाता लावायचा. इतका पटकन की तो वेगळा वाजला असं वाटू नये, पण नसला तर मोठा सूर उघडा दिसतो. या पानावर सगळ्यात अवघड हाच आहे."

मग त्यांनी विचारलं, "गोलाच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचलंत का?"

अक्षर फार बारीक होतं. मी ते तारीख-बिरीख समजलो होतो. आता चष्म्यातून पाहिलं.

'जमलं', असं लिहिलं होतं. पुढं उद्गारचिन्ह.

मंगेश काहीतरी बोलणार होता. सलीमभाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तो सूर बसवायला मला सात महिने लागले. करंगळी वळत नव्हती. बसला तेव्हा मॅडम म्हणाल्या, लिहा, जमलं म्हणून. मी पेन्सिल घेतली नाही. त्या पानावर माझं अक्षर नको होतं.

*

शेवटचा.

दोन हजार पंचवीस, माघ महिना, रविवार, दुपारचे बारा. वालाच्या शेंगा आल्या होत्या, बायको ओटीवर सोलत बसली होती. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून संदीप आला होता. अंगणात गोणपाट टाकून त्यानं मोटार उघडली. हात कोपरापर्यंत काळे.

मी आत गेलो. कपाटामागून गिटार काढली. बायको मला बघून शेंग सोलायची थांबली.

"आता?" ती म्हणाली.

"आता."

ओटीवर खुर्ची टाकली. पान समोर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर तिचा अडकित्ता ठेवला. संदीपची पाठ माझ्याकडे होती. रेघेपासून सुरू केलं.

पहिल्या घराला त्याचा हात थांबला. त्यानं मान वळवली नाही. पान्हा बोल्टवर तसाच धरलेला.

दुसरं घर, तिसरं. चौथ्यात एक तार नीट दाबली गेली नाही, फटकन वाजली. मी थांबलो नाही. पाचवं आलं, गेलं. सहाव्यानंतर माझा श्वास वाढला आणि हात पळायला लागला. मला ते कळत होतं, पण हात ऐकेना.

"एक, दोन, तीन," अंगणातून आवाज आला.

तो मोजत होता. पाठ तशीच. "एक, दोन, तीन. घाई न्हाय, बाबा. एक, दोन, तीन."

मी त्याच्या मोजण्यावर आलो. सातवं घर त्यानंच लांब मोजलं. आठवं, नववं.

दहाव्या घरात एका सुराच्या डोक्यावर अर्धा गोल आणि त्यात एक ठिपका आहे. तिथं मोजणं सोडून थांबायचं, सूर विरेपर्यंत. मी तिथं नेहमी चुकतो. थांबायचं विसरतो आणि पुढं जातो. या वेळी मी अजून त्या सुराला हात घातला नव्हता.

"आता थांबायचं हाय, बाबा," संदीप म्हणाला. आणि पान्हा धरलेला हात वर केला.

पान माझ्यासमोर होतं. त्याच्यासमोर मोटार होती.

मी तो सूर लावला आणि थांबलो. बायको हातात शेंग घेऊन तशीच. माझ्या कानातून तो सूर केव्हाच गेला होता. संदीपचा हात वरच होता. मी हाताकडे बघत राहिलो.

मग त्यानं हात खाली घेतला.

मी उरलेली दोन घरं वाजवली. बारा झाली.